झुंबरबाईंचं धाबं

२१ एप्रिल, सकाळी ७
भडगावातल्या आपल्या चार मजली बिल्डिंगला ग्रीन सर्टिफिकेट मिळवायचंच. त्यासाठी रिपोर्ट हवा: बांधकामामुळे निसर्गाचं काय गेलं, शेजारच्या माणसांचं काय गेलं. तालुक्यात हे मांडणारा इंजिनिअर मीच पहिला. बायको म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा. दुर्लक्ष केलं.

२३ एप्रिल
अडचण. बेसमेंट खोदताना निघालेली काळी माती. लांब टाकली तर डिझेलचा धूर माझ्या नावावर. अंघोळीत कल्पना सुचली. शेजारच्या झुंबरबाईंचं धाब्याचं घर, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छप्पर. दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती टाकतात. यंदा आपली, फुकट. धूर वाचला, समाजकार्यही झालं.

२५ एप्रिल
दोन ट्रॉल्या वर चढवल्या. झुंबरबाई म्हणाल्या, "भाऊ, हाई काळी माटी शे. धाबाले खारी लागस. काळी पानी धरस." पांढऱ्या खाऱ्या मातीचा आग्रह ही जुनी समजूत आहे, हे त्यांना समजावलं. मी सिव्हिलचा आहे. फर्स्ट क्लास, एक विषय सोडून.

२ मे
छपरातून पिठात माती पडते म्हणे. झुंबरबाईंच्या सुनेची, मयुरीची तक्रार. झाकण ठेवा, असं सुचवलं.

६ मे, दुपार
अवकाळी पाऊस, अर्धा तास. मधली कडी करकरते, असं झुंबरबाईंचा मुलगा जीवराम सांगून गेला. लाकूड आवाज करतंच. मनाला लावून घ्यायचं नाही.  

७ मे
मयुरी बाळाला घेऊन माहेरी नरडाण्याला गेली. झुंबरबाईंनीही पिशवी भरलेली. परवा नाशिकहून तपासणीवाले येणार. घर रिकामं दिसलं तर भलं कुणाचं केलं म्हणून दाखवू? हात जोडले. अक्का, दोनच दिवस. रिपोर्टसाठी तुमचा घरासमोर फोटो झाला की माती मी स्वतः उतरवतो. त्या म्हणाल्या, "तू म्हनस तं ऱ्हास मी." पिशवी परत खुंटीला. मोठ्या मनाची बाई.
कडीला टेकू लावायचा. उद्या नक्की.

८ मे
दिवसभर पाऊस. टेकूला माणूस मिळाला नाही. फोन केला नव्हता, पण अशा पावसात मिळाला नसताच. खिडकीतून त्यांचं धाबं दिसतं. मधे जरा खोलगट वाटलं. खिडकी लावून घेतली.

९ मे, संध्याकाळ
धाबं सकाळी सहाला बसलं. जीवराम दूध आणायला गेला होता. आम्ही फावड्यांनी, हातांनी माती उपसली. चिखल होता, शिशासारखा जड. झुंबरबाई दाराजवळ सापडल्या. जळगावला पोचेपर्यंत संपलं होतं.

दवाखान्यात जीवरामने एकच विचारलं, आई निघाली होती, तिला तुम्ही का थांबवलं. उत्तरं पुष्कळ जमवली होती मी रस्त्यात. वाळवी, जुनं लाकूड, पाऊस. तोंडातून "फोटोसाठी" एवढंच गेलं.
तो उठून समोरच्या बाकावर जाऊन बसला.