कँडीवरून जाणारे रस्ते

चेरीताल, जबलपूर
दि. २४ ऑक्टोबर १९७१

चि. श्रीरंगास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा सिलोनचा नकाशा, दोन्ही मिळाले. इकडे सगळं ठीक. आईचे डोळे होते तसेच. डाव्याने अंधुक दिसतं, उजव्याने नुसता उजेड कळतो. बाकी तब्येत माझ्यापेक्षा बरी. आज रविवार असून ऑफिस होतं. महिनाभरात एकही रविवार मिळालेला नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात तीन पाळ्या चालू आहेत, आणि जेवढा माल बाहेर पडतो तेवढे कागद आमच्या स्टोअर्समध्ये टाइप व्हायला येतात. खमरियाच्या बसमध्ये बसल्या बसल्या डोळा लागतो. परवा तर माझा स्टॉप मागे गेला, चालत परत आले.

तू लिहिलंस, "फेब्रुवारीत दोघी या, गाडी काढतो, दहा दिवसांत सगळं बेट फिरवून आणतो." ते वाचून दाखवल्यापासून आईला दुसरा विषय नाही. तिच्या लेखी ते सिलोन नाहीच, लंका आहे. "सीतामाईला ठेवलं होतं ती जागा दाखवेल ना गं तो? का नुसते चहाचे मळे दाखवत राहील?" असं मला दिवसातून दोनदा विचारते. शेजारचे भय्यासाहेब, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, त्यांच्याकडून रामेश्वरपर्यंतच्या सगळ्या गाड्या तिने पाठ करून घेतल्यात.

मी बेत केलाय तो असा. तलैमन्नारला बोटीतून उतरलो की तिथून अनुराधपूर, एक मुक्काम. सिगिरियाचा डोंगर नको, तेवढ्या पायऱ्या आईला झेपायच्या नाहीत. मग त्रिंकोमाली. तिथे शंकराचं देऊळ आहे आणि समुद्र आहे, दोन दिवस राहू. मग वर नुवारा एलिया, सीतेचं देऊळ. तिथून खाली कतरगाम. पण कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घ्यायचं नसतं असं आई म्हणते, तेव्हा ते राहू दे. शेवटी किनाऱ्याने गॉल आणि कोलंबो.

कँडीला थांबायला नको. दहा दिवसांत किती ठिकाणं करणार? नकाशात त्रिंकोमालीहून नुवारा एलियाला जाणारा रस्ता कँडीवरूनच जाताना दिसतो. दुसरा एखादा असला तर बघ, लांबचा पडला तरी चालेल. नाहीच मिळाला, तर न थांबता पुढे निघू.

एप्रिलात तुमच्याकडे बंडाची गडबड झाली होती, ते रस्ते आता मोकळे आहेत ना? माझा रजेचा अर्ज दिलाय. साहेब म्हणाले, "अभी तो भूल जाइए, विभावरीजी." बघू.

आईचे आशीर्वाद.

तुझी
ताई


चेरीताल, जबलपूर
दि. २१ डिसेंबर १९७१

चि. श्रीरंगास आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लढाई सुरू होती, खिडक्यांना काळे कागद, ऑफिसातून सुटायला आठ वाजायचे. ही कारणं खरी आहेत, पण उत्तर त्यांच्यामुळे राहिलं नाही. गुरुवारी लढाई संपली. ऑफिसात पेढे वाटले, सगळे ओरडत होते. मी माझा पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून जरा वेळ बसले.

तू विचारलंस, "ताई, माझी बायको आणि मुलगी कँडीतल्या ज्या घरात राहतात तेवढंच घर तू चुकवून चालली आहेस. हे आईचं म्हणणं आहे का तुझं?"

आईचं नाही, श्रीरंग. आईला माहीतच नव्हतं.

पासष्टच्या सप्टेंबरात तुझ्या लग्नाचं पत्र आलं तेव्हा अण्णांना जाऊन पंचवीस दिवस झाले होते. तेव्हाही लढाई होती. मी दाराशी बसून आईला वाचून दाखवत होते. तुझी बदली, नवं क्वार्टर, तिथला पाऊस. मग आलं, "मी इथल्या एका मुलीशी लग्न केलं आहे, तिचं नाव सोमा, ती बौद्ध आहे, आईला नीट समजावून सांग." मी थांबले. आई म्हणाली, "पुढे?" मी म्हणाले, "पुढे काही नाही. तब्येतीला जप म्हणतो."

त्या दिवशी वाटलं, महिना जाऊ दे, मग सांगू. मग नंदा झाल्याचं पत्र आलं, फोटो आला. तो मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कार्बन पेपरच्या खाली ठेवला. प्रत्येक पत्र वाचताना मी गाळत गेले आणि आईच्या नावाने उत्तरं लिहीत गेले. आई तुझ्या बायकोचं नाव घेत नाही म्हणून तू रुसलास, यायचा थांबलास, पत्रं चार ओळींची झाली. तेही मला दिसत होतं.

आईला धक्का बसेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. आता तुला खरं सांगते. अठ्ठावन्न साली शैलेंद्रजी आपल्या घरी आले होते, आठवतं? माझ्याच ऑफिसातले, उत्तर प्रदेशातले. अण्णा त्यांच्याशी बोललेसुद्धा नाहीत. आई म्हणाली, आपल्यातले नाहीत. मी तुला मद्रासला पत्र लिहिलं, तू तरी काही बोल म्हणून. तुझं उत्तर आलं, "ताई, आईला दुखवू नकोस." मी नाही दुखवलं. आणि सात वर्षांनी तू विचारल्याशिवाय लग्न करून मोकळा झालास, आणि आईला समजावायचं काम माझ्याकडे दिलंस. आई तुझ्या लग्नाला हो म्हणाली असती तर मी काय करायचं होतं? याची मला भीती होती. ती नाही म्हणेल याची नव्हती.

परवा पहिला सुट्टीचा रविवार मिळाला. आई अंगणात उन्हात बसली होती. मी तुझी सगळी जुनी पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली, एकही ओळ न सोडता. दोन तास लागले. मग ऑफिसातून आणून ठेवलेला फोटो तिच्या हातात दिला. तिने तो डाव्या डोळ्याला लावून इकडेतिकडे फिरवला.

"केवढी आहे आता?"

"पाच वर्षांची."

"आणि तू मला आज सांगून राहिली?"

तिनेच पुढे विचारलं, "काहून केलं असं?" मला राग आला, श्रीरंग. मी म्हणाले, "तू त्याला नाही म्हणाली असतीस ना? मला म्हणालीस तशी?"

"तेव्हा तुझे अण्णा होते."

"अण्णा कशाला? तू म्हणालीस."

ती फोटो चाचपत राहिली. मग म्हणाली, "हो, म्हणाले मी. पण तू भांडली कुठं? एकदा विचारलं आणि बसली. मला वाटलं, तुझंही तेवढं मन नसेल."

तेरा वर्षं मी हेच धरून होते की मी तिचं ऐकलं. तिला वाटत होतं, माझं मन नव्हतं.

काल तिने माझ्याशी बोलायचं टाळलं. भय्यासाहेबांच्या प्रमोदिनीबाईंचा हात धरून सराफ्यात गेली आणि नंदासाठी पैंजण बघून आली. पायाचं माप कळव म्हणते. दोऱ्याने मोजून तो दोराच पाकिटात घाल.

आता प्रवासाचं. माझा बेत रद्द समज. भय्यासाहेब आणि प्रमोदिनीबाई फेब्रुवारीत रामेश्वरला निघालेत, आई त्यांच्याबरोबर येईल. तू रामेश्वरपर्यंत येऊन तिला घेऊन जा. तिचा पासपोर्ट झालेला आहे. मी म्हणाले, तोवर माझी रजाही होईल. तर म्हणाली, "तू नको येऊ. सुनेला मराठी येत नाही, मला तिचं काही येत नाही. आमचं आम्ही हातवारे करून बघू. मधे वाचून दाखवणारं कोणी नको."

तुला माझा राग आला असेल तर तो बरोबर आहे.

ताई


चेरीताल, जबलपूर
दि. १४ फेब्रुवारी १९७२

चि. श्रीरंगास आशीर्वाद.

शनिवारी आईला गाडीत बसवून दिलं. इटारसीला बदलून मद्रास, तिथून रामेश्वर. हे पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्याकडे असेल. डोळ्यांचं औषध तांबड्या पिशवीत आहे, दिवसातून तीनदा घालायचं. घाटातल्या रस्त्याला तिला मळमळतं, तेव्हा पुढे बसव आणि लिंबू दे. अनुराधपूरला ऊन खाली आल्यावरच हिंडवा. कँडीला किती दिवस राहायचं ते तिचं ती ठरवेल. सीतेच्या देवळाशी मात्र घाई करू नकोस. तिथे ती कितीही वेळ बसली तरी बसू दे.

तुझं जानेवारीचं पत्र मिळालं. तू लिहिलंस, "अठ्ठावन्न साली मी तुला तसं लिहायला नको होतं. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, हे कारण म्हणून सांगत नाही." मी ते दोनदा वाचलं. बरं वाटलं का, सांगता येत नाही. पण तू लिहिलंस ते चांगलं केलंस.

आई निघेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलत होती. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली, "दूधवाल्याला आता अर्धाच लिटर सांग." मग गाडी हलली आणि तिने हात बाहेर काढून माझा गाल चाचपला, तिला नीट दिसत नाही म्हणून आधी कान हाताला लागला. काही म्हणत होती, पण भय्यासाहेब मोठ्याने सामान मोजत होते, मला ऐकू आलं नाही.

माझी रजा मंजूर झाली, पंधरा दिवसांची. साहेबांनी स्वतः कागद आणून दिला, "अब घूम आइए सीलोन." मी रजा घेतली आहे. दोन दिवस नुसती झोपून राहिले. इतकी वर्षं कशाने थकत होते ते आता लक्षात येतंय. ऑफिसचं काम त्यातलं थोडंच होतं.

आज सकाळी बाजारात शैलेंद्रजी भेटले, बायको बरोबर होती. म्हणाले, "आप तो जाने वाली थीं?" मी म्हणाले, "माँ गई हैं, पोती को देखने." त्यांची बायको म्हणाली, "बड़ी अच्छी बात है." मलाही तेव्हा तसंच वाटलं, क्षणभर का होईना.

आईला तिकडेच राहावंसं वाटलं तर ठेवून घे. मला वाईट वाटेल म्हणून तिला परत पाठवू नकोस, आणि मला बरं वाटावं म्हणून काही गोड लिहू नकोस. जे असेल ते लिही.

सोमा मला सहा वर्षं प्रत्येक पत्रात नमस्कार लिहीत आली. मी एकदाही उलट लिहिलं नाही. आज लिहिते.

चि. सौ. सोमा आणि चि. नंदा यांस मनापासून आशीर्वाद.

तुमची
विभावरी