थंड पाण्याची पाटी

१४ मार्च

आज आयलर्ट पुन्हा पाट्या मांडून बसला होता, पाण्याखाली जाताना पाठीला बांधून सिलिंडर अडकवायच्या त्या. बोटघरात, बाकावर, तिन्ही ओळीनं. स्टीलची, ॲल्युमिनियमची आणि जावयानं साठीला दिलेली ती कार्बनची, जिला हा पाव कापायची फळी म्हणतो.

मी दारातूनच विचारलं, काय चाललंय? तर म्हणाला, पाण्यात जायचंय ना, पाठीला कुठली बांधायची आणि सिलिंडर कुठलीवर चढवायचा, ते ठरवतोय. मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणानं — "गुनवोर, आपल्याकडचं पाणी थंड असतं की गरम?"

उत्तरेच्या या फ्रोया बेटावर! मार्चमध्ये! जन्म गेला याचा या पाण्यात शिंपले काढण्यात. थंड पाणी, जाड सूट, तर स्टील. सुट्टीत कुठे दक्षिणेला गेलो, पातळ सूट, तर ॲल्युमिनियम. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं त्यानं. नवी पोरं त्याच्याकडे शिकायला यायची ती याचसाठी.

थंड, म्हटलं. बरं, म्हणाला. मी जाळ्यांच्या ढिगामागे जाऊन रडून घेतलं. मग घरात येऊन मासा उकडायला ठेवला.

१५ मार्च

कॉफीची किटली कोरडीच चुलीवर. बूड जळलं. नवी आणली.

२१ मार्च

ट्रॉन्डहाइमला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. चांगली आहे बाई, घाई करत नाही. पण सांगायचं ते सांगितलंच — विसरण्याचा आजार पुढं सरकलाय, गाडी चालवायची नाही, आणि पाण्याखाली तर नाहीच नाही. आयलर्टनं सगळं ऐकून घेतलं, उठून हात मिळवला, आभार मानले. जणू काही बक्षीसच दिलं होतं तिनं.

परत येताना समुद्राखालच्या बोगद्यात शिरलो आणि तो बोलला. एकदाच जायचंय, म्हणाला. शेवटचं. होल्मेनच्या बाहेर, वाळूवर, जिथं आपण पहिल्यांदा दोघं गेलो तिथं. मी रस्त्याकडे बघत राहिले. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. घरी येईपर्यंत तो विसरेल असं वाटलं होतं. विसरला नाही. नेमकं हेच कसं विसरत नाही हा माणूस!

२९ मार्च

सुन्निवाचा फोन. मूर्खासारखं मी तिला बाबाच्या शेवटच्या बुडीचं सांगून बसले. "आई, तुला वेड लागलंय का? त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही!"

येते. कधी येते, कधी नाही. पण हे फोनवर कसं सांगणार? मग ती रडली, मग मी रडले, मग तिनं विचारलं की बाबा जेवतो का नीट. जेवतो. जेवण झालं हे विसरून पुन्हाही जेवतो. यावर दोघीही हसलो, आणि फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

५ एप्रिल

ठरवलं. नेणार त्याला.

का, ते इथं लिहून ठेवते, नाहीतर उद्या पुन्हा मन फिरेल. सगळं एकेक करून हिसकावून घेतलं त्याच्याकडून. गाडीची किल्ली, बँकेचं कार्ड, बोट. प्रत्येक वेळी हिसकावणारी मीच. एक तरी गोष्ट देणारी असावं ना मी.

पण नेणार माझ्या अटीवर. जेवताना सांगितलं त्याला: ॲल्युमिनियमची पाटी, आणि वजन सगळं कमरेच्या पट्ट्यात, शिशाचं. केवढा भडकला! ॲल्युमिनियम म्हणजे सुट्टीवर आलेल्या लोकांची, म्हणे. थंड पाण्यात स्टील, हे तरी मला शिकवू नकोस.

मला का कळत नाही? जाड सुटात हवा असते, माणूस बुचासारखा तरंगतो, खाली जायला वजन लागतंच. त्याची स्टीलची पाटी तर जहाजाच्या कारखान्यातल्या उरलेल्या जाड पत्र्यातून कापलेली. इथल्या शिंपलेवाल्यांची रीतच ती — सगळं वजन पाठीवर, कमरेला पट्टा नाही, कारण पट्टा शेवाळात अडकतो. कामाला उत्तम. पण पाठीवरचं वजन पाण्याखाली टाकून देता येत नाही. पट्ट्याचं येतं. बकल ओढलं की शिसं खाली आणि माणूस वर.

खाली गेल्यावर हा काही विसरला — अंगावरची हवेची पिशवी फुगवून वर कसं यायचं हेच विसरला — तर मला त्याला वर आणता आलं पाहिजे. बस, एवढंच. तो रागानं न जेवता उठला. थोड्या वेळानं येऊन जेवला.

१२ एप्रिल

हालवार आला होता. आयलर्टचा जुना जोडीदार, आयुष्यभर एकमेकांची बोट सांभाळली या दोघांनी. बोटीवर तोच थांबणार आहे. मला बाहेर ओट्यावर नेलं आणि म्हणाला, "त्याला त्याची पाटी दे गं, गुनवोर. आता निदान एवढं तरी त्याचं राहू दे."

हालवार एरवी दिवसातून चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन हवामानावर. तो गेल्यावर बोटघरात जाऊन ती स्टीलची पाटी हातात घेतली. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, वरच्या कोपऱ्यात आयलर्टच्या नावाचं पहिलं अक्षर, वाकडंतिकडं. हीच पाठीला बांधून त्यानं सुन्निवाला वाढवलं, हे घर बांधलं. आणि मी म्हणते ती नको, पर्यटकांची घाल!

बरं बाबा. स्टील तर स्टील. जवळच राहीन, त्याचा हात सोडणार नाही.

आयलर्टला सांगितलं तेव्हा माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाला ओठ टेकले त्यानं. किती वर्षांनी.

२० एप्रिल

नाही. नाही जमायचं.

धक्क्याजवळ उथळ पाण्यात वजन तपासायचं ठरलं होतं. मी माझा सूट चढवेपर्यंत त्यानं स्वतःचं सगळं बांधून घेतलं होतं, एकट्यानं. आधी कौतुक वाटलं. मग बघितलं तर पाठीला स्टीलची पाटी, आणि कमरेला शिशाचा भरलेला पट्टा! दोन्ही! ॲल्युमिनियमबरोबर लागतं तेवढं शिसं, वर स्टील. पट्ट्याचं बकलही कसं, तर पाटीच्या कमरपट्टीखाली दाबलेलं, ओढताच येऊ नये असं. पहिल्या दिवशीचं पोरगंही करणार नाही असली चूक. दगडासारखा तळाला गेला असता.

अर्ध्या बेटाला वजन लावायला शिकवणारा माणूस.

मी पट्टा सोडला, पाटी उतरवली. त्यानं अडवलं नाही. नुसता बघत राहिला माझ्याकडे, फार वेळ. आपली चूक त्याला कळली असावी, आणि त्याचं वाईट वाटलं असावं. मी म्हटलं, होतं असं कधीकधी. तरी तो बघतच राहिला.

संध्याकाळी हालवारला बोलावून स्टीलची पाटी त्याच्या घरी पाठवून दिली.

२३ एप्रिल

बोटघर उलटंपालटं करून ठेवलंय. पाटी शोधतोय. हालवारनं उसनी नेली, असं ठोकून दिलं मी. "स्टीलची पाटी कोणी उसनी नेतं का? टूथब्रश नेतं का कोणी उसना?" बरोबरच आहे. खोटं बोलायलाही अक्कल लागते, ती माझ्यात नाही.

३० एप्रिल

आज मला दिवसभर मारित म्हणत होता. मारित त्याची बहीण, जाऊन जमाना झाला. सुरुवातीला दुरुस्त करायची मी. आता हो म्हणते. मारितला त्यानं सांगितलं की माझी बायको फार कडक आहे, पण वाईट नाही. मारित म्हणाली, हो का?

८ मे

चांगला दिवस. लख्ख, वारा नसलेला. दोघांनी मिळून बोट रंगवली. पाटीचं नाव काढलं नाही.

तेवढ्यानं सुखावले, म्हणून की काय, जेवताना त्यानं विचारलं की आजार शेवटाला कसा असतो. मी म्हटलं, अजून लांब आहे. तो म्हणाला, त्याच्या बापाला त्यानं पाहिलंय — खाटेला बांधून ठेवलेला, चमच्यानं भरवलेला, आईलाच चोर म्हणून ओरडणारा. "तू माझ्या आईसारखी होऊ नकोस." मी रागावले. म्हटलं, मी तुझ्या आईसारखी नाहीच, तुझी आई गरीब होती बिचारी. तो हसला. विषय संपला.

१७ मे

राष्ट्रदिनाचे झेंडे, बँड, पोरांची मिरवणूक. त्याला कोट घालून नेलं, छातीवर फीत लावली. राष्ट्रगीत सगळं पाठ! एक शब्द चुकला नाही. मी शेजारी उभी राहून नुसते ओठ हलवत होते.

२ जून

गेलो. आलो.

सगळं लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

पाणी काचेसारखं होतं. हालवार बोटीवर. आयलर्टनं ॲल्युमिनियमची पाटी मुकाट्यानं बांधून घेतली, मी पट्टा आवळला, बकल दोनदा तपासलं. त्यानं विचारलं, उघडतंय ना नीट? मी म्हटलं, उघडतंय. मान हलवली.

खाली गेलो आणि काय सांगू! जमिनीवर जिन्यावरून उतरताना भिंत धरणारा हा माणूस, तिथं माशासारखा. पाय जपून, वाळू जराही न उडवता. माझी नळी गुंतली होती तर वळून त्यानंच सोडवली. शिंपला दिसला की दाखवायचा आणि उचलायचा मात्र नाही. मला वाटलं, इथंच राहता आलं असतं तर किती बरं! खरंच वाटलं तसं.

मग वेळ झाली. मी अंगठा वर केला — चला वर. तो वाळूवर बसला. मांडीवर हात ठेवून, चर्चमध्ये बसावं तसा. मी पुन्हा अंगठा दाखवला. त्यानं मान हलवली, नाही. पिशवीतली उरलेली हवा सोडून दिली आणि मला हातानं खूण केली — तू जा.

खूण विसरला! अंगठा वर म्हणजे काय हेच गेलं डोक्यातून! त्याची पिशवी भरायला गेले तर माझा हात धरून बाजूला केला, हळूच, पण जोर केवढा! सिलिंडरच्या हवेचा काटा खाली चाललेला. मग मी दुसरा विचार केला नाही. बकल ओढलं. पट्टा वाळूत पडला आणि आम्ही दोघं वर, नको तेवढ्या वेगानं, मी वेग आवरायला त्याच्या सुटातली हवा सोडत, त्याला मिठी मारून.

हालवारनं दोघांना ओढून घेतलं. आयलर्ट बोटीत पडून आभाळाकडे बघत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, समुद्राचं नव्हे. हालवार मला म्हणाला की विसरतो तो, तुझा दोष नाही. मग कॉफी ओतली आणि ती कोणी प्यायली नाही.

३ जून

इतक्या वेगानं वर येऊनही दोघांना काही झालं नाही. हातपाय ठीक, डोकं ठीक — म्हणजे होतं तसं. तो दिवसभर झोपला.

एक गोष्ट लिहून ठेवते. मी हट्ट केला नसता तर आज मी विधवा असते. स्टील असतं पाठीला तर मला तो हलवताही आला नसता. सगळे मला कडक म्हणतात. असू दे कडक. आणला मी त्याला वर!

४ जून

सुन्निवाला सांगितलं. खूप बोलली. ऐकून घेतलं. बाबाला फोन दिला, तिच्याशी छान बोलला, नातवाची चौकशी केली, नावानिशी.

६ जून

सकाळी बटाटे सोलत होते. तो समोर बसला होता, डोळे स्वच्छ, पूर्वीसारखे. मी म्हटलं, खाली खूण विसरलास त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

"मी खूण विसरलो नव्हतो, गुनवोर. धक्क्यावर पाटी आणि पट्टा दोन्ही बांधले तेव्हाही काही विसरलो नव्हतो. आता लवकरच हे सगळं विसरेन, मग तुला भीती नाही."

रात्र झाली, त्याला झोप लागलीय. इतके महिने देवाकडे एकच मागत होते, याला विसरू देऊ नकोस. आज पहिल्यांदा उलटं मागितलं.