क्रमांक नसलेल्या गाडीची व्यवस्था

दि. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. गाडीखाली पाठीवर पडून मी मागच्या चाकाचे नट आवळत होतो, तेव्हा इस्पितळातून फोन आला. पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया शुक्रवारी. डॉक्टर म्हणाले होते, "साधी आहे." साधी असती तर तीन ठिकाणी सह्या घेतल्या नसत्या. म्हणून हात पुसून हे लिहायला बसलो.

मी, खाली सही करणार, वय सव्वीस, अविवाहित, शिक्षण नववी, धंदा मोटारीचे पत्रे ठोकून घडवण्याचा, पूर्ण शुद्धीवर आहे. 'कोणाच्या दडपणाखाली नाही' असेही लिहावे लागते. थोरल्या भावाच्या घरामागच्या खोलीत राहणारा माणूस जितका नसतो, तितका मी नाही.

कलम १. गाडी. दोन आसनी, शर्यतीची, जुन्या घडणीची. ती खोलीची तीन चतुर्थांश जागा व्यापते. उरलेल्या जागेत मी झोपतो. वडील ज्या कारखान्यात होते, तिथल्या पहिल्या गाड्या त्यांनीच घडवल्या. कारखाना बंद पडल्यावर तोच लाकडी साचा आणि त्याच हातोड्या वापरून त्यांनी घरी ही सुरू केली. अर्ध्यात ते गेले. उरलेली मी केली. तेव्हा पुढे अंगण होते. वाटणीनंतर दादाने तिथे दोन खोल्या बांधल्या आणि गाडी आत राहिली. वहिनी म्हणतात, "भावोजी, ही गाडी की मामंजी? घरातून हलायचं नावच नाही!"

कलम २. कारखान्याचे नाव आता एका नव्या कंपनीने विकत घेतले आहे. ती त्याच गाड्या पुन्हा करते आणि सांगाड्यावर जुन्या क्रमांकांच्या पुढचे क्रमांक ठोकते. त्या अस्सल धरल्या जातात. नावाशिवाय केली की नक्कल. कंपनीचे साहेब दिवाळखोराचे सामान पाहावे तसे गाडीभोवती फिरले.

"काम सुरेख आहे. पण नक्कल."

मी म्हणालो, "पहिल्या गाड्या ज्या हातांनी केल्या, त्याच हातांनी केलीय."

"हातांना कंपनी लागते हो. असं करा, आमच्या कारखान्यात यंदा तयार झाली, असं लिहून द्या. क्रमांक देतो. आसनाखाली वडिलांची खूण ठोकलीय, ती तेवढी घासून टाका."

दादा लगेच म्हणाला, "कर सही. उद्या पुढच्या खोल्यांची भिंत मी स्वतः पाडतो. नाहीतर बस तिला कवटाळून."

"बाबांनी केली नाही, असं लिहू?"

"बाबा वाचायला येणारेत का?"

मी सही केली नाही. दादाने भिंत पाडली नाही. याला चौदा महिने झाले. मी गेलो तर तो सही करील, हे मला ठाऊक आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा सैल आहे.

कलम ३. म्हणून गाडी, साचा आणि सर्व हातोड्या मी ताईला देतो. तिच्याकडे उघडी शेड आहे. सदर गाडीवर कोणत्याही कंपनीचा क्रमांक घेऊ नये.

कलम ४. माझी खोली दादाला, पण गाडी बाहेर निघाल्यावरच. दादा सांगतो, वाटणीपत्रात त्याच्या बोळातून 'माणूस व सामान' यांना वाट आहे, वाहनाला नाही. बरोबर आहे, मी तीन वेळा वाचले. तेव्हा गाडी सामान करून न्यावी. चाके काढून सांगाडा आडवा केला की बोळाच्या वळणातून निघतो, मी दोरी धरून मापले आहे. पत्रा कापावा लागेल. गाडीच्या अंगावर पत्र्याचे वडिलांनी केलेले जोड सात आहेत, माझे चार. माझ्या जोडांवर खडूने रेघा मारल्या आहेत, तिथेच कापावे. वडिलांचा एकही जोड उघडू नये. त्यामुळे नाकाडाचा भाग दारापेक्षा दोन बोटे रुंद राहतो. दाराची चौकट माझ्या वाट्याची आहे. ती उखडावी.

ताईने फोनवर विचारले, "अरे, कापून जोडल्यावर ती तीच राहील का?"

 रात्रभर विचार करून लिहितो: नवे जोड घासून लपवू नयेत. कोणी विचारले तर सरळ 'नक्कल आहे' म्हणावे, आणि आसन उचलून दाखवावे.

कलम ५. वहिनींना माझा आरसा. थट्टा केली, पण दोन वर्षे जेवणाचे ताट गाडीच्या बॉनेटवर कधी ठेवले नाही.

कलम ६. मी कामाला आहे तिथे मला 'फूटपट्टी' म्हणणाऱ्या फिटरला माझी फूटपट्टी द्यावी. त्याला गरज आहे.

स्थळ: मागची खोली. दि. १२ फेब्रुवारी २०२५.
सही.

साक्षीदार १: शेजारचे वेल्डरकाका. कापण्याचे काम यांनीच करायचे कबूल केले आहे. सही.
साक्षीदार २: निवृत्त शिक्षिका, समोरचे घर. यांनी एक वेलांटी दुरुस्त केली. सही.

हिशोब: गाडीवर खर्च, माझ्या पगाराचे एकतीस महिने. देणे, वेल्डरकाकांना गॅसच्या दोन टाक्या. येणे, काही नाही.