पहिल्या हाकेला ओ

६ ऑगस्ट २००७, माण
आज सकाळी लवकर आंघोळ केली, गावच्या मारुतीला नारळ फोडला आणि पेटी घेऊन माणला उतरलो. खोली छान आहे. खिडकीतून एक उरलेलं भातखाचर दिसतं, पलीकडे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती. घरमालकीण चंद्राबाईंनी आल्याआल्या विचारलं, "बाईमानूस न्हाई व्हय? मग भांडी कोन घासनार, कंपूटर?" मी हसलो. बायकोला, नलिनीला, जाऊन वर्ष झालं हे सांगितलं. जाताना त्यांनी एवढंच बजावलं, की हितं बाहेरनं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नगा. मानूस असंल तर पुन्यांदा हाक मारतंयच.
काम सोपं आहे. दिवंगतांच्या नावानं दिवा लावायची वेबसाइट सांभाळायची. देवाचंच काम म्हणायचं.

९ ऑगस्ट
ऑफिसातल्या जुईलीनं आज वेबसाइटमधलं एक भोक दाखवलं. पान दाखवण्याआधी सर्व्हर ब्राउझरला चार ओळींचा निरोप धाडतो, त्याला हेडर म्हणतात. दुव्यात, म्हणजे लिंकमध्ये, आलेलं दिवंगताचं नाव आपला सर्व्हर न तपासता त्या निरोपात घालतो. नावात कुणी नवी ओळ सुरू करणारं चिन्ह दडवलं, की पुढचं सगळं सर्व्हरचंच बोलणं ठरतं. त्यात स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरला आज्ञा देणारा मजकूरही घालता येतो. मग चौकट उघडते, प्रश्न विचारते, आणि लोक विश्वासानं उत्तर देतात. काका, ती चिन्हं आजच गाळा, असं सांगून ती रजेवर गेली.

१० ऑगस्ट
ईमेलनं एक दुवा आला. त्यात नलिनीचं नाव. उघडला. दिव्याखाली चौकट: अहो, गोळी घेतलीत? खाली उत्तराला जागा.
माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं इथे कुणालाच ठाऊक नाही; आठवण नलिनीच करायची.
उत्तर दिलं नाही. पण भोकही बुजवलं नाही. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं.

१३ ऑगस्ट
वेबसाइटवर दिवा लावणाऱ्या पौडच्या हसिनाबींचा फोन. गेलेल्या मुलाच्या, राहिलच्या दिव्याखाली चौकट आली म्हणे. अम्मी, आत येऊ? त्यांनी 'ये' लिहिलं. तेव्हापासून घरात कुणीतरी वावरतंय. चालणं राहिलचं नाही, म्हणाल्या. रडत होत्या.
मी त्याच दिवशी बुजवलं असतं तर—

१४ ऑगस्ट
हसिनाबींचा फोन नुसता वाजतोय.
नलिनीच्या चौकटीत आज: अहो, आत येऊ?
तेच शब्द. नलिनीनं स्वतःच्या घरात यायला कधी विचारलं नव्हतं.

१५ ऑगस्ट
सुट्टी. ऑफिसात एकटाच. रामाचं नाव घेतलं. ओळ मोडणारी सगळी चिन्हं गाळली, बदल सर्व्हरवर चढवला. दुवा पुन्हा उघडला— नुसतं नाव, एका ओळीत. चौकट नाही. आता दुसऱ्या कुणाच्या घरी—
केलं. झालं एकदाचं.
खोलीवर आलो. केवढी शांतता. गोळी घ्यायची राहिली.

दाराबाहेर हाक. अहो—
एकदाच.
दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. कान देऊन. आली नाही.
ओ दिली. कडी काढायला उठतो—