दुसऱ्या साक्षीदाराची मोकळी जागा

मी, थांगमे संगमा, वय एकाहत्तर, राहणार वाचिग्रे, गारो टेकड्या, मेघालय, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. कुणाचा दबाव नाही. भीती आहे, ती माझी स्वतःची.

१. घर, सुपारीची बाग आणि माझ्या आईकडून आलेल्या तीन पितळी थाळ्या रीतीप्रमाणे धाकट्या मुलीला, सालमेला. थाळ्या विकू नयेत. जावयाने छपराचे काम तीन वर्षे पुढे ढकलले आहे, ते आधी करावे.

२. मुलगा ग्रिकसेंग. आमच्यात मुलगा लग्न करून बायकोच्या घरी जातो, म्हणून त्याला इथले काही मिळत नाही. हा मात्र लग्नाच्या वयात बंदूक घेऊन रानात गेला. सात वर्षांपूर्वी त्याच्या संघटनेचा सरकारशी करार झाला. शस्त्र ठेवायला तो छावणीच्या दारापर्यंत आला, तर यादीत नाव 'ग्रिकसेंग मराक'. मराक हे त्याच्या वडिलांचे कूळ. आमची मुले आईचे लावतात. तोतया समजून पहारेकऱ्याने बंदूक रोखली आणि पोरगा पुन्हा रानात पळाला.

३. यादीसाठी ते नाव माझा भाऊ नोरबिन याने दिले होते. कारकुनाने वडिलांचे कूळ विचारले. "विचारलं तेच सांगितलं ना ताई," असे तो आजही म्हणतो. मामा असून भाच्याचे कूळ सांगावेसे वाटले नाही त्याला. माझी काळी छत्री त्याला द्यावी, पण परवापासून. माफ केले असे लिहायला हात धजत नाही.

४. छत्री उद्या मला लागणार आहे. दुसरा करार झाला आहे, उद्या फुटबॉलच्या मैदानात शस्त्रे ठेवायची आहेत. नाव मी स्वतः लिहून दिले, पण यादी आधी दाखवत नाहीत. मुलाचा निरोप आहे, "आई, यादी तूच वाच. नाव बरोबर असलं तरच छत्री उघड, मग मी येतो." यानंतर रानात राहील त्याला सोडणार नाहीत, असे छावणीच्या साहेबांनी सांगितले आहे. म्हणजे माझ्या एका डोळ्यावर पोराचा जीव. चुकून भलतेच वाचले तर? बरोबर वाचले, त्याला बोलावले आणि तरीही कुणी गोळी घातली तर? तांदूळ निवडताना हेच चालू आहे. खडे तसेच राहिले.

५. मी परतले नाही तर सालमेने दार उघडे ठेवावे. रानातून कुणीही आले तरी आधी भात वाढावा, नाव नंतर विचारावे.

६. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे पिल्सन मास्तर म्हणाले. ग्रिकसेंगला काहीच मिळत नाही. म्हणून दुसरा साक्षीदार तोच.

"मावशी, तो आला नाही तर कागद कच्चा राहील," मास्तर म्हणाले.

"राहू दे. मागच्या यादीचा कागद पक्काच होता."

ती जागा दुसऱ्या कुणी भरू नये. नोरबिननेही नाही.

वाचिग्रे, ११ फेब्रुवारी २०१६
लिहून ठेवणार : थांगमे संगमा (सही)
साक्षीदार १ : पिल्सन मोमिन, शिक्षक (सही)
साक्षीदार २ : ग्रिकसेंग संगमा, आईचे नाव थांगमे संगमा, सही : ..............