चौथ्या ट्रकची चौकट

बुधवार, ता. ९

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? पट्टा कंबरेला असतो की खुंटीला? कारभारणीचा खोकला गेला का? मोठीच्या चष्म्याचा नंबर आता थांबला असेल. लहानीला मी पाहिलं तेव्हा एकही दात आला नव्हता. आता पडायलाही लागले असतील. सासूबाई अजून सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांना उठवतात ना? दोघी जावा फोनवर बोलतात, त्यातलं कानावर पडतं तेवढंच मला कळतं. मला फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून हा कागद.

इकडे मी बरा आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. गुडघे कुरकुरतात. हातोडा पूर्वीचाच आहे, पण कुणीतरी त्यात शिसं ओतल्यासारखा वाटतो. तुझी वहिनी म्हणते, "दुकान बंद करा आणि माझं डोकं खा." मी म्हटलं, "तेही गंजलंय." दोन दिवस अबोला होता.

बातमी अशी, की ट्रकवाले साहेब परत आले. जुन्या लष्करी ट्रकांचा नाद अजून सुटलेला नाही. प्रदर्शन तोंडावर आलं आणि चारही ट्रकांच्या पुढच्या काचांमधून पाणी गळतंय. सात वर्षांनी आमची आठवण झाली. पहिल्या तीन ट्रकांचं काम झालं. काचा उतरवल्या, दगडासारखं झालेलं रबर सुरीने सोलून काढलं, चौकटी घासल्या. खालच्या कोपऱ्यातला पत्रा बिस्किटासारखा चुरला. तेवढा कापून नवा जोडला, रंग दिला, नवं रबर बसवलं. एकेका चौकटीला चार-चार दिवस गेले.

चौथ्याचं पुढे लिहितो.

दुकानाचं दार बदललं. तुझी पत्र्याची कात्री अजून त्याच खिळ्याला आहे, कुणी हात लावलेला नाही. पलीकडचा टायरवाला आता ऐकत नाही, म्हणून आणखी मोठ्याने बोलतो.

असो. किती फिरवून लिहिणार! चौथा म्हणजे तोच ट्रक. ज्याच्या काचेतून सात वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या दिवशी साहेबांच्या पाहुणीच्या मांडीवर पाणी सांडलं तो. चौकट मी केली होती, रबर आणि काच तू बसवली होतीस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "रबर बसवता येत नाही तर हातात घेतोस कशाला?" तू एवढंच म्हणालास, "दादा, भोकं बघ." मी बघितली नाहीत. तू कात्री खिळ्याला लावलीस आणि गेलास. साहेबांनी चार ठिकाणी सांगितलं आणि या गावात तुला काचेचं काम कुणी दिलं नाही.

आधीच्या तीन चौकटी घासताना खालच्या पट्टीत मला भोकं दिसली. प्रत्येकीत तीन, पेन्सिल जाईल एवढी, सारख्या अंतरावर. पहिल्या चौकटीत वाटलं, गंजाने खाल्लं. दुसरीत तीच जागा, तेच अंतर. तिसरीत मी पट्टी लावून मोजलं आणि खाली बसलो. गंज मोजून खात नाही, धाकट्या. ती पाणी बाहेर जायची वाट होती. रबराच्या कडेने थोडं पाणी आत येणारच, ते तिथून खाली सुटायचं.

चौथ्या चौकटीत ती भोकं मी बुजवली होती. नुसती बुजवली नाहीत, वेल्डिंग करून, घासून अशी साफ केली की बोट फिरवून कळू नये. स्वतःवर खूश होतो. मला कुणी शिकवलं नाही हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. कुणी सांगितलं नाही ते नसतंच, असंही मला वाटत आलं. पाणी आत साठलं, भरलं आणि आतल्या बाजूने सांडलं. खालची पट्टी आतून पोकळ झालीय. तुझं रबर मात्र कुठेही सरकलेलं नाही. सांधा वर, अगदी मधोमध, जिथे हवा तिथेच.

आता सगळ्यात वाईट ते लिहितो. हे कळल्यानंतर साहेब आले आणि म्हणाले, "हाच ना, तुमच्या भावाने बिघडवलेला?" आणि मी "हं" म्हणालो. एवढंच. आत आलो. वहिनीने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "सात वर्षं झाली, अजून किती ठेवायचंय त्याच्या डोक्यावर?"

गेल्या बुधवारी मी साहेबांना बोलावलं. तिन्ही ट्रकांशेजारी चौथी चौकट मांडली आणि त्यांचं बोट धरून आधी तिघांच्या भोकांवरून, मग चौथीच्या बुजवलेल्या जागेवरून फिरवलं. त्यांनी वाकून बोट पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी एवढी वर्षं भलत्यालाच नावं ठेवत होतो." मी म्हटलं, "मीही." ज्या चार ठिकाणी सांगितलं तिथे आपण जाऊन उलट सांगू, असं ते म्हणाले. दोन ठिकाणी मी त्यांच्याबरोबर गेलो. उरलेल्या दोन ठिकाणी उद्या.

चौकट नवी केली आहे. तिन्ही भोकं उघडी. रबर काचेला चढवलंय, खाचेत दोरी घातलीय. मी बाहेरून काच दाबेन, पण आतून दोरी ओढून रबराची कड चौकटीवर चढवणारा हवा. आधीच्या तीन ट्रकांना टायरवाला आत बसला होता. सांगतो एक, ऐकतो एक, दोन रबरं फाडली त्याने. परवा वहिनीला बसवलं. दोरी निसटली, ती म्हणाली, "संसार ओढला तेवढं पुरे!" आणि उतरून गेली.

ये म्हणायला तोंड नाही. आलास तर दार उघडंच आहे. नाही आलास तरी एक कळव. दोरी तू कुठून ओढायला सुरुवात करायचास, खालून की बाजूने? इतकी वर्षं आपण काचा बसवल्या, पण मी बाहेरून दाबत राहिलो. आत तू काय करतोस ते मी कधी पाहिलंच नाही.

उत्तर लवकर लिही. तोवर काच भिंतीला टेकवून ठेवली आहे.

तुझा,
बाहेरच राहिलेला
दादा