कमानीवरचं चित्र आणि माझा अँब्रोज

देवाला स्मरून मी, एमोट थर्कल, मॅथ्यू थर्कलची विधवा, राहणार हॉलोबी, परगणा सफोक, सांगते आणि आमचे पाद्री हम्फ्रीबाबा लिहून घेतात. पाय सुजलेत, डोकं शाबूत आहे. परवा माझ्या नातीला, रोझला, पहिला दात आला. त्या आनंदातच हे करते आहे.

आत्मा देवाला. देह चर्चच्या अंगणात, उत्तरेच्या भिंतीशी. पूर्वी आत फरशीखाली पुरा म्हणत होते, ते रद्द.

बिअर गाळायचं मोठं पिंप सून जोनला, माझ्या अँब्रोजच्या बायकोला. पोरगी कामाची आहे, फक्त जव जाळते. सिसली पेकला काही नाही. चर्चमधली माझी जागा ती वीस वर्षं मांडी ठोकून अडवते आहे, तीच तिला पुरे. मधमाश्या मेरीमातेपुढच्या मेणबत्तीसाठी राखल्या होत्या. आता राजाच्या हुकमाने मेणबत्तीच बंद. मध रोझने खावा.

आता चर्च. मनोऱ्याच्या मध्यावर गारगोटीचा रंग बदलतो ना, तिथे महामारी आली आणि गवंडी मेले. वरचा अर्धा भाग नातवंडांनी बांधला. उत्तरेची खांबांची ओळ लोकरीच्या पैशांची. हम्फ्रीबाबा म्हणाले, "एमोटबाई, हे मृत्युपत्र आहे, चर्चचा इतिहास नव्हे."

म्हटलं, "लिहा हो. आमच्या माणसांच्या मृत्युपत्रांवरच तर ते उभं राहिलं. कुणी मेंढ्या दिल्या, कुणी अंगठी."

वेदीसमोरच्या कमानीवर शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. ते माझ्या मॅथ्यूने काढवलं. चितारी उधार बिअर मागायचा, मी दिली नाही. म्हणून सैतानाच्या खांद्यावरून नरकात चाललेली बिअरवाली म्हणजे मी. गाव हसलं, सगळ्यांत जास्त मीच. मॅथ्यू मात्र स्वर्गाच्या पायरीवर. तो घामाच्या तापाने गेला तेव्हा अँब्रोज माझ्या पोटात होता. पोराला बापाचा चेहरा तेवढाच ठाऊक.

आता अँब्रोज चर्चचा कारभारी आहे आणि राजाचा हुकूम आहे, भिंतींवर चुना मारा. ईस्टरआधी राजाची माणसं तपासणीला येणार. शेजारच्या गावच्या कारभाऱ्याने टाळाटाळ केली. त्याला घेऊन गेले. त्याची घोडी तेवढी परत आली.

मी अँब्रोजला म्हटलं, "बाबा, मार चुना."

"आई, बापाला पुसू?"

"पुसू नको, झाक."

"तुझं काय जातं! तू तर सैतानाच्या खांद्यावर आहेस."

"तिथूनच सांगते आहे. त्यांना तुझा बाप नको, तू हवा आहेस."

आमच्या कुंपणापाशी रोज एक अनोळखी माणूस घोड्याला पाणी पाजतो आणि अँब्रोजचं नाव घेऊन चौकशी करतो. कुत्रा त्याच्यावर भुंकत नाही, शेपूट घालून आत येतो.

म्हणून लिहा: घर आणि ओढ्यालगतचं शेत अँब्रोजला, पण अटीवर. माझं प्रेत चर्चमध्ये नेण्याआधी ती कमान त्याच्या हाताने पांढरी झालेली असावी. नसेल तर घर आणि शेत जोनला. विधवेला छप्पर लागतंच.

हे अँब्रोजसमोर मोठ्याने वाचलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावला आणि उठून चर्चकडे गेला. कालवून ठेवलेली चुन्याची बादली मात्र आमच्या दारातच राहिली.

एमोट थर्कल, तिची खूण ✝
साक्षीदार: हम्फ्री डेल, पाद्री, वॉल्टर गूच, चाकं करणारा सुतार
हॉलोबी, लेंटच्या उपासाआधीचा मंगळवार, सन १५४८